न सांगण्याचं ऋण

बरीचशी ऋणं नाव घेऊन मान्य करता येतात. कुणी शाळेची फी भरली, कुणी नोकरीला चिकटवून दिलं, कुणी आजारपणात रात्रभर उशाशी बसलं. प्रसंग सांगावा, हात जोडावेत. उस्तानीमांच्या ऋणाची अडचण अशी की ते एका न सांगितलेल्या गोष्टीचं आहे. ती गोष्ट मी इथे लिहिली, तर त्यांनी मरेपर्यंत जे जपलं ते मीच उघड्यावर टाकल्यासारखं होईल. म्हणून आधीच सांगून टाकते: आमच्या घरात काय घडलं आणि कुणाच्या हातून घडलं, हे या लेखात येणार नाही. ज्या बाईनं ते झाकलं, तिच्याबद्दल मात्र लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

दौलताबादला येणारे पाहुणे चांद मिनार बघतात, भारतमातेचं मंदिर बघतात, अंधारीतून चाचपडत वर बारादरीपर्यंत जातात आणि खाली उतरल्यावर सीताफळांची पाटी गाडीत टाकून वेरूळच्या रस्त्याला लागतात. तटबंदीच्या आत एक नांदतं गाव आहे, हे त्यांच्या फारसं लक्षात येत नाही. त्या गावात, किल्ल्याच्या दगडी भिंतीला जवळजवळ टेकलेल्या एका घरात उस्तानीमा राहायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. शिवणाचं मशीन, अंगणात बोरीचं झाड आणि दुपारी शाळा सुटली की जमणाऱ्या आम्ही मुली, एवढा त्यांचा संसार. आम्हाला त्या कुरआन वाचायला शिकवायच्या. आधी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, मग कुरआनचा तिसावा सिपारा, म्हणजे भाग, मग पुढचं. सीताफळांच्या दिवसांत त्या विक्रीसाठी फळं निवडूनही द्यायच्या. समोर फळांचा ढीग, बाजूला रेहलवर, लाकडी घडीच्या स्टँडवर, सिपारा. एखादीनं वाचताना उच्चार चुकवला की ढिगावरून नजर न हलवता त्या दुरुस्त करायच्या. डोळे उघडलेलं फळ एका पाटीत, कच्चं गवतात. पिकलं की नाही ते बघायला फळ दाबायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. दाबलं की डाग पडतो आणि मग ते कुणाच्याच कामाचं राहत नाही.

त्यांच्याकडे गाऱ्हाणी नेण्याची सोय नव्हती. एकदा रमजानमध्ये आमच्यातली एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, अमकीनं रोजा असून मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यायलं. उस्तानीमांनी विचारलं, “तू देखी?”

“हौ.”

“उन्ने तेरेकू देखी?”

“नै.”

“मतलब अल्लाहने उसका ढांका. तू कायकू खोली?”

त्या मुलीचा चेहरा उतरला. जिच्याबद्दल गाऱ्हाणं होतं तिला उस्तानीमांनी एक अक्षर विचारलं नाही. उलट त्या दिवशी धडा बाजूला ठेवून त्यांनी आम्हाला, कुणाला रोज्यातून सवलत आहे ते सांगितलं: आजारी माणसाला, प्रवाशाला, गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला; आणि पाळीच्या दिवसांत तर बाईनं रोजा धरायचाच नसतो, राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात. आमच्यातल्या मोठ्या मुलींनी माना खाली घातल्या. गाऱ्हाणं घेऊन आलेली मुलगी वयानं लहान होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाणी पिणारीनं खरोखर रोजा मोडला होता की तिला सवलत होती, हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि ते कळण्याची गरज नव्हती एवढं मात्र आम्ही सगळ्याजणी शिकलो.

हदीसच्या ज्या ग्रंथाला सुन्नी मुसलमान सर्वाधिक मान देतात, त्या बुखारीच्या संग्रहात पैगंबरसाहेबांचं एक वचन आहे. त्याचा आशय उस्तानीमा आम्हाला आपल्या भाषेत सांगायच्या. माझ्या उम्मतीतल्या, म्हणजे अनुयायांतल्या, सगळ्यांना माफी मिळेल. अपवाद, आपलं पाप स्वतःच जाहीर करणाऱ्यांचा. माणूस रात्री काहीतरी करून बसतो, अल्लाह त्याच्यावर पांघरूण घालतो, आणि सकाळी तोच चारचौघांत सांगत सुटतो की काल रात्री मी असं केलं, तसं केलं. रात्रभर देवानं झाकलं, उजाडल्यावर यानं स्वतःच्या हातानं ओढून काढलं. याचं कारणही त्या समजावून द्यायच्या. पाप लपून राहतं तोवर ते त्या माणसाच्या मनाला टोचत असतं. सांगितलं की त्याची गोष्ट होते, गोष्टीची मजा होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर सगळेच करतात. शरम ही ईमानाची एक फांदी आहे असं पैगंबरसाहेब म्हणत. ती फांदी आधी आपल्याच जिभेनं तुटते, असं उस्तानीमांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट हजरत उमर यांची. ती आम्ही पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. खलिफा उमर रात्री मदिनेत गस्त घालत असताना एका घरातून गाण्याबजावण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले, तर माणूस दारू पीत बसलेला. उमर संतापले. तो माणूस म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझा गुन्हा एक, तुमचे तीन. कुरआन म्हणतं हेरगिरी करू नका, तुम्ही केलीत. कुरआन म्हणतं घरात दारानं या, तुम्ही भिंतीवरून आलात. कुरआन म्हणतं परवानगी मागून, सलाम करून आत या, तुम्ही तसंच घुसलात. एवढा दरारा असलेला खलिफा मुकाट्यानं परत गेला. आम्हा मुलींना त्यात खलिफाची फजिती दिसायची. उस्तानीमा म्हणायच्या, “फजिती नै बच्चियो. बडा आदमी था, इसलिए पलट के गया.”

मी दहावीत असताना आमच्या घरातली ती गोष्ट घडली. ती दिसली मला एकटीला. दोन रात्री मी जागी होते. तिसऱ्या दिवशी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या, सुमाराला मी उस्तानीमांच्या घरी गेले. त्या मशीनवर होत्या. मी उंबऱ्यातूनच सुरुवात केली, “उस्तानीमा, हमारे घर में...” त्यांनी मशीनचं चाक तळव्यानं थांबवलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. “बस. मेरेकू नक्को बोल.” मला रडू फुटलं. मनातलं ओझं उतरवायला मी आले होते आणि त्या ऐकायलाच तयार नव्हत्या. मी रडून होईपर्यंत त्या तशाच पाठमोऱ्या बसून राहिल्या. मग वळल्या, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “एकीच बात पूछती. किसीका हक गया क्या?”

मी मान हलवली. हो, एका माणसाचा हक गेला होता.

“तो जिन्ने करा उसकूच भेज मेरे पास. तू घर जा, रोटी खा.”

मी निरोप कसा दिला ते मलाच आठवत नाही. ती व्यक्ती मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर गेली आणि बऱ्याच उशिरा परत आली. पुढच्या काही दिवसांत आमच्या घरातली एक वस्तू विकली गेली. ज्याचं होतं त्याला त्याचं मिळालं, कसं आणि कुणाच्या हातून ते मला माहीत नाही. त्यानंतर उस्तानीमांनी तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. गल्लीत त्या व्यक्तीची गाठ पडली की त्यांचा सलाम आधी जसा होता तसाच राहिला. मी मुद्दाम कान देऊन ऐकायचे. आवाजात सूत इकडचं तिकडे झालं नव्हतं. चार माणसांत त्या व्यक्तीला काम सांगताना, पैसे मोजून हातात देताना त्या जराही अडखळत नसत. एखादी गोष्ट माहीत असूनही ती नजरेत येऊ न देणं किती अवघड असतं, ते मला पुढे शिक्षिका झाल्यावर, वर्गात रोज पन्नास मुलांसमोर उभं राहताना कळलं.

ती गोष्ट फुटली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी अनेकदा मांडला आहे. बहिणीची सोयरीक मोडली असती. अब्बांना मशिदीत नमाजाच्या पहिल्या रांगेत उभं राहणं जड गेलं असतं. ज्या व्यक्तीच्या हातून घडलं, तिला गावानं जन्मभर त्या एका कृत्याच्या नावानं ओळखलं असतं. माणसाला तेच एक नाव चिकटलं की त्याला दुसरं काही होण्याचं कारणच उरत नाही. प्रत्यक्षात झालं ते असं: ती व्यक्ती सरळ वाटेला लागली. पुढे लोक आपली अमानत विश्वासानं तिच्याकडे ठेवायला लागले. आमच्या घरातली तीन लग्नं मानानं झाली. हे सगळं उस्तानीमांच्या त्या फिरवलेल्या तोंडावर उभं आहे.

कॉलेजात गेल्यावर मी त्यांना एकदा विचारलंच, की तेव्हा तुम्ही मला बोलू का दिलं नाही? त्यांनी माइज नावाच्या एका सहाबींची, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या एका साथीदाराची, कथा सांगितली. माइज यांच्या हातून मोठं पाप घडलं आणि ते स्वतः पैगंबरसाहेबांपुढे कबुली द्यायला आले. पैगंबरसाहेबांनी तोंड फिरवलं. माइज दुसऱ्या बाजूनं आले. त्यांनी पुन्हा तोंड फिरवलं. असं चार वेळा झालं. न्यायनिवाडा झाल्यावर, माइज यांना कबुलीसाठी पाठवणाऱ्या हज्जाल यांना पैगंबरसाहेब म्हणाले की तू त्याला आपल्या कपड्यानं झाकलं असतंस तर तुझ्यासाठी ते अधिक चांगलं झालं असतं. “रसूलुल्लाहने मुँह फेरा,” उस्तानीमा म्हणाल्या, “तो मैं कौन सुननेवाली?”

गोव्याच्या चर्चमध्ये पापाची कबुली पाद्र्याजवळ दिली जाते आणि ती कुणालाही न सांगण्याचं कडक बंधन त्या पाद्र्यावर असतं. आमच्याकडे ऐकणारा पाद्रीच नाही. तौबा माणूस आणि अल्लाह यांच्यातच होते. धर्मपंडितांनी तिच्या अटी घालून दिल्या आहेत: ते कृत्य सोडणं, मनापासून पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि त्यात दुसऱ्या माणसाचा हक बुडाला असेल तर तो परत करणं. अल्लाहचा हक अल्लाह माफ करील, माणसाचा हक त्या माणसाकडूनच सुटायला हवा. उस्तानीमांनी मला एकच प्रश्न का विचारला होता, ते तेव्हा उमगलं. ज्यात त्यांनी हात घालणं भाग होतं तेवढंच त्यांनी विचारलं. बाकीचं त्यांना नको होतं. “बंदे और रब के बीच में तिसरा बैठा तो जगा कम पडती,” असं त्या म्हणत.

हे सगळं त्यांच्याकडे कुठून आलं, याचं उत्तर आमच्या गावापासून घाट चढून गेलं की मिळतं. कागदीपुऱ्यावरून खुलताबादला जाणारी एसटी पकडून त्या आम्हाला वर्षातून एकदा ईद-ए-मिलादला घेऊन जायच्या. सुलतान मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये देवगिरीला राजधानी आणून तिचं दौलताबाद केलं, तेव्हा दिल्लीचे अनेक सूफी आणि आलिम इकडे आले. चिश्ती सूफी निजामुद्दीन औलियांचे खलिफा, म्हणजे अधिकृत शिष्य, बुऱ्हानुद्दीन गरीब त्यांतलेच. त्यांच्या मागून त्यांचे वारस झैनुद्दीन शिराझी. दोघंही खुलताबादेत विसावले आहेत. पैगंबरसाहेबांचा म्हणून मानला जाणारा एक अंगरखा तिथे जपून ठेवला आहे आणि ईद-ए-मिलादला तो दर्शनासाठी खुला करतात. गर्दीत आम्हाला तो कसाबसा दिसायचा. पण त्या दिवशी उस्तानीमा जी कथा सांगायच्या ती मला पाठ आहे. चिश्ती परंपरेत ती पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते.

मेराजच्या, म्हणजे स्वर्गारोहणाच्या, रात्री पैगंबरसाहेबांना एक खिरका, म्हणजे अंगरखा, मिळाला आणि तो योग्य माणसालाच द्यावा असा हुकूम झाला. त्यांनी चार साथीदारांना एकेक करून विचारलं, की हा तुला दिला तर तू काय करशील? एकानं सचोटीची ग्वाही दिली, एकानं न्यायाची, एकानं दानधर्माची आणि उदारपणाची. हजरत अली म्हणाले, मी लोकांचे दोष झाकीन. खिरका अलींना मिळाला. सत्य, न्याय, औदार्य यांतलं काहीही कमी मोलाचं नव्हतं. पण पांघरायचं वस्त्र कुणाला द्यायचं, तर जो ते दुसऱ्यावर घालील त्याला. ज्या सूफींच्या गुरुपरंपरेचा मान या कथेशी बांधलेला आहे, त्यांच्या दारात आम्ही लहानपणी खेळलो.

त्याच खुलताबादेत अमीर हसन सिज्जी यांची कबर आहे. हे दिल्लीचे फारसी कवी, अमीर खुसरोंचे मित्र. निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतलं बोलणं त्यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. ‘फवाइद-उल-फुआद’ या नावानं ते प्रसिद्ध आहे. १३०८ मध्ये टिपलेल्या त्यातल्या पहिल्याच बैठकीत विषय निघतो तो तौबा करणाऱ्याचा. ज्यानं कधी पाप केलं नाही आणि ज्यानं करून मनापासून पाठ फिरवली, ते दोघे एकाच पंगतीचे, असा औलियांचा विचार हसन नोंदवतात. उस्तानीमांना फारसी येत नव्हती आणि ते पुस्तक त्यांनी पाहिलंही नव्हतं. तरी आमच्या घरातल्या त्या व्यक्तीला त्यांनी त्याच पंगतीत बसवलं होतं.

उस्तानीमांचं आणखी एक काम होतं, गावाला ठाऊक असलेलं पण कुणी फारसं न बोलणारं. मुसलमान घरात बाई वारली की तिला अखेरची अंघोळ घालायला त्यांना बोलावणं यायचं. माझं लग्न झाल्यावर त्यांनी मला मदतीला घेतलं. अंगणातल्या बोरीचा पाला उकळून पाणी कोमट करायचं. तख्त्याभोवती लोबानाचा धूर फिरवायचा. मैयत ठेवली की वरून चादर, आणि त्या चादरीखालीच कपडे काढायचे. हाताला कापडाची पिशवी बांधून, चादर न उचलता अंग धुवायचं. आधी वुजू, म्हणजे नमाजाआधी करतात तसं हात-तोंड-पाय धुणं, त्यात तोंडात पाणी घालायचं नाही, ओल्या कापसानं पुसायचं. मग डावी कूस खाली करून उजवी बाजू, मग उजवी खाली करून डावी. शेवटच्या पाण्यात कापूर. धुणं तीनदा, गरज पडली तर पाचदा, पण विषम. मग कोरडं करून कफनाचे पाच कपडे: इजार, कुर्ता, ओढणी, सीनाबंद आणि सगळ्यांवर चादर. उस्तानीमांचा हात चादरीखाली चालायचा आणि नजर वर, भिंतीवर. ज्या अंगाला आता कळतही नाही की कुणी बघतंय, त्याचीही लाज राखायची, हे मी त्या नजरेवरून शिकले.

या कामाचा पक्का नियम आहे. काही चांगलं दिसलं, चेहऱ्यावर समाधान दिसलं, तर घरच्यांना सांगावं. काही वाईट दिसलं तर ते तिथंच संपलं. मैयतीला अंघोळ घालून जो तिची गोष्ट झाकतो, त्याला अल्लाह चाळीस वेळा माफ करतो, असं हदीसमध्ये आलं आहे. बाईचं अंग तिच्या आयुष्याबद्दल बरंच काही सांगतं. उस्तानीमांना आमच्या गावाबद्दल जे ठाऊक होतं ते कुणालाच नव्हतं, आणि त्यांच्या तोंडून त्यातला एक शब्द कुणी ऐकला नाही.

एकदाच त्या गप्प राहिल्या नाहीत.

शेजारच्या एका वस्तीवर तरणीताठी सून गेली होती. आम्ही दोघी गेलो. दार लावून घेतलं, चादर घातली. उस्तानीमांचा हात चादरीखाली गेला आणि थांबला. त्यांनी चादरीचा एक कोपरा उचलून बघितलं. मग चादर नीट केली, हात धुतले आणि दार उघडून बाहेर बसलेल्या पुरुषांसमोर उभ्या राहिल्या. “इस बच्चीकू मैं गुस्ल नै देती. पैले पुलिस बुलाओ.” घरातल्या म्हाताऱ्यानं हात जोडले, “उस्तानीमा, पर्दा रखो.” त्या म्हणाल्या, “पर्दा गुनाह पे डालते. जुल्म पे नै डालते.” पोलीस येईपर्यंत त्या उंबऱ्यात बसून होत्या. मैयत शवविच्छेदनासाठी घाटी रुग्णालयात गेली. परत आल्यावर त्यांनीच तिला अंघोळ घातली, तेवढ्याच हळुवारपणे, तशीच नजर वर ठेवून. चादरीखाली काय दिसलं ते त्यांनी पोलिसांच्या जबाबात सांगितलं, आणि गल्लीत ज्या ज्या बायांनी विचारलं त्यांना एवढंच म्हणाल्या, की मरणाऱ्याला दुआ द्या. त्यानंतर काही घरांनी आपल्या मुली शिकायला पाठवणं बंद केलं. उस्तानीमांनी राहिलेल्या मुलींना पुढचा धडा दिला.

हा भेद त्यांनी मनानं काढलेला नव्हता. तेराव्या शतकातल्या दमास्कसच्या इमाम नववी यांनी ‘रियाज-उस-सालिहीन’ या हदीससंग्रहात, कुणाच्या पाठीमागे त्याचा दोष बोलणं कधी योग्य ठरतं, याची सहा कारणं दिली आहेत. त्यांत पहिलंच कारण आहे अन्याय झालेल्यानं दाद मागणं. वाईट थांबवण्यासाठी मदत मागणं, इतरांना धोक्यातून वाचवणं हीही त्यांत येतात. जुलमावर पांघरूण घातलं की ते जुलूम करणाऱ्याच्या अंगावर पडतं आणि सोसणारा उघडाच राहतो. आपल्या कायद्यानं १९८३ च्या दुरुस्तीत नवविवाहितेच्या संशयास्पद मृत्यूच्या चौकशीची तरतूद केली, सासरच्या छळाला ४९८-अ कलम आलं. उस्तानीमांना कलमं ठाऊक नव्हती. हक कुणाचा गेला, हा त्यांचा जुना प्रश्न त्या घरात त्यांनी पुन्हा विचारला, एवढंच. आमच्या घरासाठी गप्प राहिलेली बाई आणि त्या वस्तीवर उंबऱ्यात ठाण मांडून बसलेली बाई एकच होती, हे ध्यानात घेतलं तरच त्यांचं गप्प राहणं समजतं. लोकलाजेसाठी झाकणारे गावात पुष्कळ होते. उस्तानीमा लोकांना भिऊन झाकत नव्हत्या.

मी मराठी शिकवते. आमच्या गावातच सूफी संत चांद बोधल्यांचं स्थान आहे, किल्ल्यावर जनार्दनस्वामींची समाधी आहे. जनार्दनस्वामींजवळ याच गडावर एकनाथ शिकले. त्यांचं भागवत, १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालेलं, मी वर्गासाठी वाचत होते. ज्या एकादश स्कंधावर ही टीका आहे, त्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात, की दुसऱ्याच्या स्वभावाची आणि कर्माची ना स्तुती करावी, ना निंदा. मी हे उस्तानीमांना जाऊन सांगितलं. त्या विचारात पडल्या. “बुराई मना है वो समझी. तारीफ भी?” हो म्हटल्यावर त्या खूश झाल्या. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू न देणाऱ्याला कयामतच्या दिवशी सावली मिळेल, हे त्यांच्या आवडीचं वचन. पाप झाकायचं ते शरमेनं आणि पुण्य झाकायचं ते दिखाऊपणा शिवू नये म्हणून. दोन्हींवर एकच चादर घालायची, असं त्या म्हणाल्या, आणि नाथांच्या भागवतात आणखी काय आहे ते वाचून दाखव, असा हट्ट धरला. मग बऱ्याच दुपारी आमचं ते वाचन चाललं.

त्या गेल्या तेव्हा त्यांना अखेरची अंघोळ मी घातली. त्याबद्दल नियमानुसार एवढंच सांगते, की चेहऱ्यावर समाधान होतं.

आता त्यांच्या जागी मुलींना मी शिकवते, आणि अंघोळीचं बोलावणंही मलाच येतं. पण झाकण्याची गरज आता वेगळ्याच ठिकाणी पडते. किल्ल्यावर जोडपी येतात. कुणीतरी लांबून त्यांचं मोबाईलवर चित्रण करतं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरतं. मध्यंतरी अशीच एक क्लिप आमच्या बायकांच्या ग्रुपवर आली. मुलगी मी ओळखली. मी तिथं लिहिलं, की ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी पुसून टाकावं आणि ज्यानं काढलं त्यानं माझ्या घरी यावं. एका मुलाला त्याची आई हाताला धरून घेऊन आली. त्या मुलीबद्दल तो बोलायला लागला, तसं मी त्याला थांबवलं. तिचं काय असेल ते तिचं आणि तिच्या रबचं. त्यानं केलेलं मात्र माझ्यापुढे आणण्यासारखं होतं, कारण त्यात दुसऱ्याचा हक गेला होता. मी त्याला कुरआनमधल्या सूरह नूरबद्दल सांगितलं. पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्यावर खोटा आळ आला होता, त्या प्रसंगाशी ती जोडलेली आहे. पवित्र स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार आणता आले नाहीत, तर आरोप करणाऱ्यालाच ८० फटके, आणि त्याची साक्ष पुन्हा कधी स्वीकारायची नाही. अश्लील गोष्ट लोकांत पसरावी असं ज्यांना आवडतं, त्यांनाही तिथं कठोर ताकीद आहे. मुलानं माझ्यासमोर सगळं पुसलं, ज्यांना पाठवलं होतं त्यांच्याकडे आईबरोबर जाऊन त्यांच्याही मोबाईलमधून पुसून आला. त्याचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. ते पांघरूण त्याच्याही वाट्याला यायला हवं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी उस्तानीमांचाच धडा देते. कुणाबद्दल काही कळलं तर बोलण्याआधी एक विचारायचं: कुणाचा हक गेला का? गेला असेल तर गप्प बसायचं नाही. ज्याचा गेला त्याच्या बाजूनं उभं राहायचं आणि जिथं बोलायला हवं तिथं मोठ्यानं बोलायचं, मग वर्ग ओस पडला तरी चालेल. नसेल गेला, तर ते आपल्याला कळलं हा केवळ योगायोग समजायचा आणि त्या माणसाला उद्याही तसाच सलाम करायचा. उस्तानीमांचं ऋण फेडायचा मला दुसरा मार्ग ठाऊक नाही.